प्रस्तावना : शाबीत, नाशाबीत आणि मधलं काही

कोयत्याला दोन बाजू असतात. एक धारेची, एक पाठीची. हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण एका सत्र खटल्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आरोपीचा वकील म्हणून मी ते ध्यानात येऊ दिलं नाही.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हातारा शेतकरी होता. डोक्यात कोयता घातला, असं त्यानं शपथेवर सांगितलं. पी.एम. नोट्समध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या टिपणांत, मात्र फाटलेल्या, वेड्यावाकड्या कडांची जखम होती, कवटीला तडा होता, आणि पुढे लिहिलं होतं : कठीण व बोथट वस्तूने. मी डॉक्टरांना उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला. धारदार हत्यारानं अशी जखम होईल का? नाही, म्हणाले. मी खाली बसलो. सरकारी वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही. कोयता पांढऱ्या कापडात शिवलेला, लाखेचं सील लावलेला, चार हातांवर टेबलावर पडून होता. तो डॉक्टरांना कुणी दाखवलाच नाही. वैद्यकीय पुरावा आणि साक्षीदार यांच्यात मेळ नाही म्हणून आरोपी सुटला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तो म्हातारा आडवा आला. म्हणाला, "वकीलसाहेब, पाठीनं घातला व्हता. कुनी इचारलंच न्हाई."

त्याचं खरं होतं की तोंडघशी पडल्यावर सुचलेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ज्याला निकालपत्रात 'विसंगती' म्हटलं गेलं, ती विसंगती होती का? साक्षीदारानं हत्यार कोणतं ते सांगितलं. डॉक्टरांनी जखम कशी झाली ते सांगितलं. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं एकाच तराजूत टाकली गेली.

हे पुस्तक त्या तराजूबद्दल आहे. लेखिका काही वर्षं माझ्याकडे ज्युनिअर होती, नंतर तिनं फिर्यादी पक्षाकडूनही खटले चालवले. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तिला ठाऊक आहेत. म्हणून खुनाच्या खटल्यात दोन शास्त्रीय पुरावे एकमेकांशी भांडायला लागले की न्यायाधीशानं करायचं काय, या प्रश्नाला तिनं हात घातला, याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मराठीत हे आजवर सलगपणे कुणी लिहिलं नव्हतं याचं. कारण या विषयातले दोन सर्वांत बोलके खटले आपल्या पुण्यातले आहेत.

पहिला १९५६ सालचा. लक्ष्मीबाई नावाच्या एक पैसेवाल्या विधवा बाई. त्यांना मधुमेह होता. १२ नोव्हेंबरच्या रात्री त्या आपल्या डॉक्टरांबरोबर पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसल्या आणि पहाटे मुंबईत उतरल्या त्या बेशुद्धावस्थेत. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं, नाव भलतंच सांगितलं, आणि निदानही स्वतःच पुरवलं : मधुमेहाची बेशुद्धी. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या. तपासणाऱ्या मानद डॉक्टरांना ते निदान पटलेलं नव्हतं, त्यांना शवविच्छेदन हवं होतं. ते झालं नाही. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिलं आणि शेवटी विद्यार्थ्यांच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी पाठवलं गेलं. तिथे गळ्यावर खूण दिसल्याच्या संशयावरून पोलीस आले आणि मृत्यूनंतर दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, शवविच्छेदन झालं. व्हिसेरा तपासला. विष सापडलं नाही.

इकडे पुण्यात नातलगांना बाईंच्या नावानं पत्रं येऊ लागली की आपण पुनर्विवाह केला आहे, काळजी करू नये. मालमत्ता डॉक्टरांच्या हाती सरकत होती.

'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' म्हणून हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती. १४ डिसेंबर १९५९ ला निकाल लागला. न्या. हिदायतुल्ला यांनी स्वतःच्या आणि न्या. एस. के. दास यांच्या वतीनं अपील फेटाळलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की रासायनिक पृथक्करणात न सापडणारी, किंवा इतक्या दिवसांत नाहीशी होणारी विषं असतात. डॉक्टर माणसाला ती ठाऊक असणार. मृत्यू मधुमेहानं झाला नाही हे वैद्यकीय लक्षणांवरून दिसतं. आणि उरलेलं आरोपीचं आधीचं आणि नंतरचं वागणं भरून काढतं. तिसरे न्यायमूर्ती ए. के. सरकार यांनी भिन्नमत लिहिलं. माणूस लोभी आणि खोटारडा होता हे मान्य, पण आपसूक आलेल्या मरणाचा फायदा उठवणारा लोभी माणूसही नेमका असाच वागेल. मरण विषानंच आलं हे शाबीत झालेलं नाही.

दोन्ही मतं एकामागून एक वाचावीत. मी वकिलीच्या पहिल्या वर्षी वाचली आणि प्रत्येक वेळी शेवटी वाचलेलं पटलं.

दुसरा खटला १९८२ सालचा. एक नवविवाहित तरुणी जूनच्या एका रात्री घरात मेली. इथे रसायनशास्त्र गप्प नव्हतं. पोटॅशियम सायनाइड, स्पष्ट. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे नाव आज प्रत्येक फौजदारी वकिलाच्या जिभेवर असतं, कारण परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं, न्या. फझल अली यांच्या शब्दांत 'पंचशील', त्यात आहेत. विष कोणतं हे शास्त्रानं सांगितलं. ते कुणाच्या हातानं पोटात गेलं, हे सांगणं शास्त्राच्या आवाक्यातलं नव्हतं. तिची पत्रं होती, त्यांत मनाची घालमेल होती आणि आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती.

म्हणजे पुण्यातल्या एका खटल्यात विष सापडलं नाही आणि फाशी टिकली. दुसऱ्यात विष सापडलं आणि आरोपी सुटला. नवख्या वाचकाला हा कोर्टाचा लहरीपणा वाटेल. मला तो वाटत नाही. 'न सापडणं' म्हणजे 'नसणं' नव्हे, आणि 'सापडणं' म्हणजे 'यानंच दिलं' नव्हे. या दोन वाक्यांच्या मधल्या पट्ट्यात हा सगळा विषय मावतो.

कायद्याला हा पट्टा ठाऊक होता. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन नव्हे, तीन अवस्था आहेत : शाबीत झालं, नाशाबीत झालं, आणि शाबीत झालं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही त्रयी जशीच्या तशी आहे. प्रयोगशाळेचे बरेचसे अहवाल तिसऱ्या खणातले असतात. 'रक्त मानवी आहे, गट निश्चित करता आला नाही.' हे वाक्य ज्यानं सीए रिपोर्टात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, शंभरदा वाचलं नाही, त्यानं महाराष्ट्रात खुनाचा खटला चालवलेला नाही. फिर्यादी पक्ष ते 'सापडलं' म्हणून वाचतो, आम्ही बचाववाले 'जुळलं नाही' म्हणून. दोघंही चूक.

या शास्त्राचा आपल्याकडचा जन्म विषातूनच झाला. अफू, धोतरा, सोमल घालून माणसं मारली जात, आणि त्यासाठी इंग्रज सरकारनं रासायनिक परीक्षक नेमले : मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, मुंबईला १८७० मध्ये. पुढे जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक १९२० मध्ये आलं आणि न्यायाधीशांच्या मेजावर जाऊन बसलं. आजही उलटतपासणीत 'मोदी काय म्हणतात' हा प्रश्न येतो. पण जगाला आपण दिलेली गोष्ट विष नव्हती, बोटं होती. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाली. वर्गीकरणाचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, नाव झालं ते एडवर्ड हेन्री यांचं.

त्याच वर्षी जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. त्याच्या पेटीतल्या सामानात एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर तपकिरी डाग. परीक्षकानं सांगितलं, रक्त सस्तन प्राण्याचं. मानवी रक्त ओळखण्याची कसोटी अजून चार वर्षं दूर होती, ती १९०१ ची. डागात अंगठ्याचा ठसा होता आणि तो जुळला एका जुन्या नोकराशी, ज्याला त्याच मालकाच्या घरी चोरी केल्याबद्दल आधी शिक्षा झाली होती. न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं आणि खुनासाठी सोडलं. ठसा सांगतो, हात पंचांगावर पडला. सुरी कुणी चालवली हे ठसा सांगत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी, शास्त्र कोवळं असताना, इतका संयम दाखवणाऱ्या त्या न्यायालयाबद्दल मला आदर वाटतो. डीएनए आल्यावर तो संयम पुष्कळ ठिकाणी सुटला.

पुढची पावलं सर्वांना माहीत आहेत. १९१० मध्ये लियाँमध्ये लोकार्ड यांची प्रयोगशाळा, १९५८ मध्ये आपली मुंबईतली न्यायसहायक प्रयोगशाळा, जिला सगळे नुसतं 'कलिना' म्हणतात, १९८४ मध्ये लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांची डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत. डीएनएनं खुनाच्या तपासात पहिल्यांदा काय केलं, हे मात्र सांगायला हवं : कबुलीजबाब दिलेल्या एका निरपराध पोराला सोडवलं. खरा आरोपी पिचफोर्क नंतर सापडला.

मग भांडण झालं की कोर्टानं काय करावं? या प्रश्नावर तीन घराणी आहेत, आणि ती एकमेकांकडे फारसं बघत नाहीत.

आपलं भारतीय घराणं जिवंत साक्षीदाराला मान देतं. वैद्यकीय पुरावा पूरक. पण साक्षीदार सांगतो तसं घडण्याची शक्यताच तो पुरती खोडून काढत असेल, तर वेगळी गोष्ट, हे १९८३ च्या सोलंकी चिमणभाई उकाभाई निकालानं पक्कं केलं. (माझा कोयतेवाला आरोपी या कसोटीवर सुटायला नको होता, हे इथे सांगून टाकतो.) अमेरिकी घराण्याचा भर दारावर. अमुक शास्त्र कोर्टात येऊच द्यायचं की नाही, हे न्यायाधीशानं आधी तपासावं. १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून ही वहिवाट संघराज्याच्या कोर्टांत रुळली, आणि २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानं डीएनए वगळता बहुतेक जुळणी-शास्त्रांचा पायाच तपासायला घेतला. तिसरं घराणं संभाव्यतावाल्यांचं. तज्ज्ञानं 'हाच तो' म्हणू नये. आरोपी दोषी असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती आणि नसेल तर किती, एवढंच गुणोत्तर द्यावं. इंग्लंडमध्ये हे घराणं रुजलेलं आहे, आणि त्याची सर्वांत करुण कहाणीही तिथलीच. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुलं गेली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञानं सांगितलं, दोन्ही मरणं नैसर्गिक असण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. एका मरणाच्या शक्यतेचा वर्ग केला होता, जणू एका घरातल्या दोन भावंडांचा एकमेकांशी संबंधच नाही. १९९९ मध्ये जन्मठेप झाली. दुसऱ्या मुलाच्या शरीरात जंतुसंसर्ग असल्याचा अहवाल होता, तो शवविच्छेदन करणाऱ्यानं बाहेरच काढला नव्हता. २००३ मध्ये त्या सुटल्या.

इथे मला घराण्यांपेक्षा तो दाबून ठेवलेला कागद महत्त्वाचा वाटतो. भांडणारा पुरावा कोर्टासमोर आला, तर निदान भांडण दिसतं. फार वेळा ते प्रयोगशाळेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या कपाटातच मिटवलं जातं.

मिटवणाऱ्याला वाटतं, आपण प्रामाणिकच आहोत. २००६ मध्ये इटिएल ड्रोर यांनी ठशांच्या पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले ठसे पुन्हा दिले, पण ते एका गाजलेल्या चुकीच्या जुळणीतले आहेत असं सांगून. पाचांपैकी चौघांनी मत बदललं. बोट तेच, भिंग तेच, कानात सांगितलेली गोष्ट वेगळी. आपल्याकडे फॉरवर्डिंग लेटरमध्ये आरोपीचं नाव, गुन्ह्याची हकीगत आणि कधीकधी तपास अधिकाऱ्याचा संशयसुद्धा लिहून नमुने पाठवले जातात. लेखिकेनं या पत्रावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. मला आधी ते जास्त वाटलं होतं, आता वाटत नाही.

दोन गोळ्यांचा वाद आणि एका अभ्र्याचा वाद, हे दोन्ही नवख्यानं जाणून घ्यावेत. दिल्लीच्या जेसिका लाल खून प्रकरणात पिस्तूल मिळालंच नाही. दोन रिकामी काडतुसं होती. तज्ज्ञानं लेखी अहवालात सांगितलं होतं की हत्याराशिवाय निश्चित मत देता येणार नाही. साक्षीत मात्र ती दोन वेगळ्या हत्यारांतून सुटलेली दिसतात असं म्हणाले. त्या 'दिसतात'वर २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले. डिसेंबरात उच्च न्यायालयानं ते मत फेटाळून मुख्य आरोपीला दोषी ठरवलं आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. एका तज्ज्ञाची दोन मतं आपसांत भांडत असतील तर तोलायचं कुठलं? माझं उत्तर : ज्या मताच्या मागे तपासणी आहे ते.

नोएडाच्या आरुषी प्रकरणात, म्हणजे एक मुलगी आणि घरचा नोकर यांच्या खुनाच्या प्रकरणात, तर अभ्राच बोलला. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालाप्रमाणे मारल्या गेलेल्या नोकराचं रक्त भलत्याच माणसाच्या खोलीतल्या अभ्र्यावर होतं.  २०११ मध्ये खुलासा आला : टंकलेखनाची चूक, दोन अभ्र्यांची वर्णनं अदलाबदल झाली. हा खुलासा खरा मानावा की अहवाल? २०१३ च्या जन्मठेपेनंतर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं मुलीच्या आईवडिलांना सोडलं. त्या खटल्यात कुणी काय केलं याबद्दल माझं मत मी सांगणार नाही. पण चिठ्ठी लावणाऱ्या कारकुनाच्या हातात न्यायाधीशाइतकीच ताकद असते, हे त्या अभ्र्यानं दाखवलं.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाच्या तपासाकडे बघावं. गोळ्यांबद्दल कलिना आणि बंगळूर इथल्या प्रयोगशाळांची मतं जुळेनात, म्हणून सीबीआय स्कॉटलंड यार्डचं मत मागायला निघाली, ते जमलं नाही, मग नमुने गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेले. तोवर दिवस निघून गेले होते.

हे सगळं आत्ताच का? नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे अहवाल वाढणार. अहवाल वाढले की एकमेकांना छेद देणारे अहवालही वाढणार. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही वाचता येतो, ही जुनी सोय नव्या कायद्यातही राहिली आहे. भांडण वाढणार आणि भांडणारा कोर्टात दिसणारच नाही, असं हे होऊ घातलं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका खून-बलात्कार खटल्यात डीएनए जुळूनही आरोपींना सोडलं, कारण नमुने पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते आणि छेडछाड झाली नाही याची खात्री देता येत नव्हती. लोक संतापले. संताप मी समजू शकतो. पण डीएनए जुळणं हे नळीतल्या द्रवाबद्दलचं विधान आहे. त्या नळीत काय आणि कसं आलं, हे मालखान्याची नोंदवही सांगते.

लेखिकेनं मांडणी विज्ञानशाखांप्रमाणे केलेली नाही, म्हणजे रक्त, ठसे, गोळ्या अशी. भांडणांप्रमाणे केली आहे : साक्षीदार विरुद्ध जखम, तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ, तज्ज्ञ विरुद्ध तोच तज्ज्ञ, आणि शास्त्र गप्प असताना माणसाचं वागणं. प्रत्येक भांडणात ती आधी एकच प्रश्न विचारते. या अहवालाला नेमकं काय विचारलं होतं? माझ्या अंदाजानं निम्मी भांडणं तिथेच संपतात. उरलेल्यांसाठी तिच्याकडे सूत्र नाही, आणि नसल्याची लाजही नाही. गणिताची भीती असणाऱ्यांनी संभाव्यतेचं प्रकरण टाळू नये, त्यात चाळीतल्या हरवलेल्या चप्पलेपलीकडे कठीण काही नाही. न्यायाधीश, वकील, फौजदारांबरोबर पंच म्हणून सही करायला बोलावल्या जाणाऱ्या साध्या माणसानंही हे वाचावं अशी तिची इच्छा आहे. कोऱ्या पंचनाम्यावर सही केलेल्या पंचांची मी जितकी उलटतपासणी घेतली आहे, ती पाहता इच्छा भाबडी आहे, पण असो.

एका ठिकाणी आमचं जमलं नाही. लागू प्रकरणात ती न्या. सरकार यांच्या बाजूची. शास्त्रानं मृत्यूचं कारण दिलं नाही, तर वागणुकीनं ते देता कामा नये, असं ती लिहिते. मी हिदायतुल्लांच्या बाजूचा. ज्यानं खोटं नाव सांगून प्रेत बेवारस केलं, त्यानंच शास्त्राची जीभ कापली. त्या गप्पपणाचा फायदा त्यालाच कसा द्यायचा? हस्तलिखिताच्या समासात मी हे पेन्सिलीनं लिहून परत पाठवलं. छापायला जाताना माझी टीप तिनं काढली नाही. ती पानाखाली तशीच आहे, आणि तिच्याखाली तिचं उत्तर, माझ्या टिपेपेक्षा तिपटीनं लांब.